शेअर केलेलं कॅलेंडर समोरच्याला दिसत नाही तेव्हा

'कॅलेंडर चालत नाहीये' एवढ्यावर काही करता येत नाही. या एका तक्रारीमागे निरनिराळे बिघाड असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. म्हणून आधी आपलं लक्षण यातलं कोणतं ते ओळखा:

- शेअर केलं, पण समोरच्याच्या यादीत कॅलेंडरचं नावच आलेलं नाही.
- नाव आहे, नोंदी नाहीत.
- नोंदी आहेत, पण प्रत्येकीच्या जागी नुसता 'बिझी' असा ठोकळा.
- जुन्या नोंदी दिसतात, आज टाकलेली दिसत नाही; किंवा दिसते, पण उद्या.
- संगणकावर सगळं ठीक, फोनवर गायब.
- दिसतं, पण बदल करता येत नाही.
- वेळ चुकलेली, किंवा दिवसभराची नोंद दोन दिवसांवर पसरलेली.
- नोंद सगळ्यांना दिसते, पण आठवणीची घंटी एकाच फोनवर वाजते.

घरी, ऑफिसात, मैत्रिणींच्या गटात, कुठेही कॅलेंडर अडलं की फोन मला येतो. आणि फोन येईपर्यंत बहुतेकांनी एक गोष्ट करून झालेली असते: ॲप काढून पुन्हा टाकलेलं असतं. त्याने हा बिघाड क्वचितच जातो, कारण तो ॲपमध्ये नसतोच.

नोंद तुमच्या फोनमधून थेट समोरच्याच्या फोनमध्ये जात नाही. ती आधी तुमच्या खात्यातून सर्व्हरवर, म्हणजे कॅलेंडर चालवणाऱ्या कंपनीच्या संगणकावर, चढते. तिथे समोरच्याच्या खात्याला ती पाहायची परवानगी आहे का हे ठरतं. मग त्याचा फोन ती खाली ओढून घेतो. साखळी नेमकी कुठे तुटली ते आधी शोधायचं. खाली तपासण्या सोप्याकडून अवघडाकडे लावल्या आहेत. कृपा करून त्याच क्रमाने जा.

ब्राउझरमध्ये उघडून बघा

दोन मिनिटांचं काम, आणि अर्धं निदान इथेच होतं. समोरच्याला सांगा, की ॲप सोड, संगणकावर ब्राउझर उघड, आपल्या खात्यात जा आणि कॅलेंडर बघ. संगणक नसेल तर फोनच्या ब्राउझरमध्ये 'डेस्कटॉप साइट' निवडूनही चालतं.

ब्राउझरमध्ये नोंद दिसली, तर सर्व्हरवर सगळं जागेवर आहे आणि दोष फोनचा आहे; मधलं सगळं सोडून थेट फोनच्या सिंकवर, म्हणजे सर्व्हरवरच्या आणि फोनमधल्या नोंदी जुळवण्याच्या भागावर ('आता फोन'), उडी मारा. ब्राउझरमध्येही दिसत नसेल, तर फोनला हात लावू नका, उगाच वेळ जाईल.

आणि हे अनेकजण विसरतात: ज्याने नोंद टाकली त्यानेही आपल्या ब्राउझरमध्ये बघायचं. त्याच्या स्वतःच्या ब्राउझरमध्येच ती नसेल, तर ती त्याच्या फोनबाहेर पडलेलीच नाही. मग परवानग्या आणि लिंकांची चर्चा कशाला?

कोणत्या खात्याला दिलंत?

माझ्या बहिणीचं प्रकरण सांगते. 'तीनदा शेअर केलंस, तीनदाही काही आलं नाही' म्हणून ती माझ्यावरच वैतागली होती. माझ्या स्क्रीनवर तिचं नाव होतं, फोटो होता, परवानगीही होती. शेवटी मी तिला पत्ता अक्षर-अक्षर वाचायला लावला. मी दिलेल्या पत्त्याच्या शेवटी एक आकडा होता, तिने वाचलेल्या पत्त्यात नव्हता. मी देत होते तो तिचा शिकत असतानाचा जुना पत्ता होता. मी नावाची पहिली तीन अक्षरं टाकली, की यादी तोच पत्ता पुढे करायची आणि मी न वाचता निवडायचे. नाव तेच, फोटो तोच. शंका कशी येणार?

तेव्हा फोटो बघून समाधान मानू नका. समोरच्याला कॅलेंडरच्या पानावर वर उजव्या कोपऱ्यातल्या गोलावर टॅप करून तिथला पूर्ण पत्ता वाचायला सांगा, आणि तुमच्या शेअरच्या यादीतल्या पत्त्याशी ताडून बघा. साध्या जीमेलच्या पत्त्यात मधल्या टिंबाने फरक पडत नाही, आकड्याने आणि अक्षराने पडतो. ऑफिसचं आणि घरचं अशी दोन्ही खाती एकाच फोनवर असतील, तर हा घोळ होणार हे धरूनच चाला.

आमंत्रण स्वीकारलंय का?

तुम्ही शेअर केलंत म्हणजे समोरच्याच्या यादीत ते आपोआप उगवतं, असं नाही. गूगल कॅलेंडरमध्ये त्याला ईमेल जातो आणि त्यातल्या लिंकवर क्लिक करून कॅलेंडर जोडावं लागतं. आउटलुकच्या मेलमध्ये 'ॲक्सेप्ट' दाबावं लागतं. आयक्लाउडचं आमंत्रण ॲपलच्या कॅलेंडर ॲपमधल्या 'इनबॉक्स'मध्येही येऊन पडतं, आणि तो इनबॉक्स कोणी उघडून बघत नाही. स्पॅमचा फोल्डर तर बघाच.

लिंक उघडताना ब्राउझरमध्ये भलतंच खातं चालू असेल, तर परवानगी नाही असंच उत्तर येईल. मेल सापडतच नसेल तर मालकाने त्या व्यक्तीला यादीतून काढून पुन्हा टाकावं, नवा मेल जातो.

इथेच एक गैरसमज. एखाद्या कार्यक्रमाला पाहुणा म्हणून कोणाला जोडणं आणि आख्खं कॅलेंडर शेअर करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाहुण्याला तो एकच कार्यक्रम दिसतो. 'मागच्या आठवड्यातलं दिसलं, मग हे का नाही?' या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा एवढंच असतं. आणि पाहुणा म्हणून बोलावूनही दिसत नसेल, तर समोरच्याच्या गूगल सेटिंगमध्ये ओळखीच्या पत्त्यांकडूनच आमंत्रणं घ्यायची असं ठरवलेलं असू शकतं. तसं असेल तर त्याने मेलमध्ये 'येस' म्हणेपर्यंत नोंद कॅलेंडरवर चढत नाही.

नावापुढची टिक

कॅलेंडर यादीत आहे आणि नोंदी नाहीत, तर त्याच्या नावापुढच्या चौकोनात टिक आहे का बघा. फोनवर वरच्या कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघा दाबल्या की ही यादी उघडते. हसू नका. मी स्वतः यावर वीस मिनिटं घालवली आहेत.

नोंद पडली कुठल्या कॅलेंडरमध्ये?

चोर सगळ्यात जास्त वेळा इथे सापडतो, म्हणून जरा थांबते.

एका खात्यात अनेक कॅलेंडरं असतात: स्वतःचं मुख्य, घरचं, कामाचं, वाढदिवसांचं. शेअर होतं ते त्यातलं एक. नवी नोंद करताना मात्र ॲप आपल्या मर्जीने एक कॅलेंडर निवडून ठेवतं, आणि ते बहुधा शेअर केलेलं नसतं. आपण विषय लिहितो, वेळ टाकतो, 'सेव्ह' दाबतो. आपल्याला नोंद दिसते, कारण आपल्याला आपली सगळीच कॅलेंडरं दिसतात. म्हणूनच टाकणारा शपथेवर सांगतो, की मी टाकलंय. खोटं बोलत नसतो बिचारा.

बाबांच्या बाबतीत हेच व्हायचं. डॉक्टरांची तारीख ते न चुकता टाकायचे आणि आम्हाला कोणालाच ती दिसायची नाही. एकदा त्यांचा फोन हातात घेऊन महिन्याचं पान उघडलं. आईने टाकलेल्या नोंदी हिरव्या, बाबांच्या सगळ्या निळ्या. घरच्या कॅलेंडरचा रंग हिरवा. निळा रंग होता फोनबरोबर आलेल्या, कोणत्याच खात्याशी न जोडलेल्या कॅलेंडरचा. म्हणजे त्यांच्या सगळ्या तारखा फक्त त्या एका फोनमध्ये होत्या. तो फोन हरवला असता, तर तारखाही गेल्या असत्या.

असं स्थानिक कॅलेंडर बऱ्याच फोनवर असतं. सॅमसंगच्या ॲपमध्ये ते 'माय कॅलेंडर' म्हणून दिसतं, आयफोनवर 'ऑन माय आयफोन' या मथळ्याखाली. त्यातली नोंद सर्व्हरवर जातच नाही, मग शेअर काय होणार?

उपाय: नोंद उघडा, 'एडिट' करा, कॅलेंडरच्या नावावर टॅप करून योग्य कॅलेंडर निवडा. बदलू देत नसेल तर योग्य ठिकाणी नवी नोंद करून जुनी काढून टाका. मग ॲपच्या सेटिंगमध्ये 'डिफॉल्ट कॅलेंडर' (नवी नोंद आपोआप जिथे पडते ते) असेल तर ते बदला, म्हणजे पुढच्या वेळी हाच खेळ नको. प्रत्येक कॅलेंडरला ठळक वेगळा रंग द्या. चूक झाली की डोळ्यांनाच कळते.

काही गोष्टी कॅलेंडरवर दिसत असल्या तरी तुमच्या कॅलेंडरबरोबर शेअर होत नाहीत. गूगलमधले 'टास्क' त्यातलेच. जीमेलमधल्या तिकिटांच्या मेलवरून आपोआप तयार होणाऱ्या नोंदीही मुळात फक्त तुम्हालाच दिसतील अशा ठेवलेल्या असतात. प्रवासाची वेळ घरच्यांना दिसायला हवी असेल तर ती हाताने टाका.

परवानगी किती दिलीत?

'बिझी' लिहिलेले ठोकळे दिसत असतील तर दोष कुठेच नाही, तुम्ही तेवढंच दाखवायला सांगितलंय. गूगल कॅलेंडरमध्ये परवानगीच्या चार पायऱ्या आहेत: फक्त मोकळे की व्यग्र एवढं दिसणं, सगळा तपशील दिसणं, नोंदींमध्ये बदल करता येणं, आणि बदलांबरोबर शेअरिंगही सांभाळता येणं. आउटलुकमध्ये नावं वेगळी आहेत, आणि मधे फक्त शीर्षक व ठिकाण दिसेल अशी आणखी एक पायरी आहे. आयक्लाउडमध्ये नुसतं बघणं किंवा बघणं आणि बदलणं, एवढंच. कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये व्यक्तीच्या नावासमोर पायरी लिहिलेली असते, ती वाचा. हे काम संगणकावरूनच करा. फोनच्या ॲपमध्ये यातलं सगळं मिळेलच असं नाही.

बाकी नोंदी नीट, एकच 'बिझी' दिसते? मग ती नोंद टाकताना 'प्रायव्हेट' केलेली आहे. अशी नोंद नुसत्या बघणाऱ्याला उघडी दिसत नाही. बदल करण्याची परवानगी असणाऱ्याला मात्र दिसते. हे दुसरं वाक्य लक्षात ठेवा. 'प्रायव्हेट' लिहिलंय म्हणून निर्धास्त राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. कोणालाच दिसू नये असं काही असेल तर ते शेअर केलेल्या कॅलेंडरमध्ये टाकूच नका.

कंटाळा येतो म्हणून सगळ्यांना सगळ्यात वरची पायरी देऊ नका. त्या पायरीवरचा माणूस तुम्हाला न विचारता आणखी कोणालाही आत घेऊ शकतो. बदल करू शकणाऱ्याच्या हातून चुकून नोंदी उडाल्याच, तर गूगल कॅलेंडरच्या 'बिन'मध्ये त्या साधारण ३० दिवस राहतात आणि परत आणता येतात. नंतर नाही.

लिंकने जोडलंय का?

काहीजण पत्ता घालून शेअर करण्याऐवजी कॅलेंडरची आयसीएस लिंक (त्या कॅलेंडरच्या नोंदी दुसऱ्या ॲपला वाचू देणारा वेब-पत्ता) पाठवतात. एका कंपनीचं कॅलेंडर दुसऱ्या कंपनीच्या ॲपमध्ये दाखवायचं असेल तर बऱ्याचदा तोच मार्ग उरतो. पण त्यात दोन खाचखळगे आहेत.

पहिला: फाइल उतरवून 'इम्पोर्ट' केली, तर ती त्या क्षणाची नक्कल असते. नंतरचे बदल तिच्यात कधीच येणार नाहीत. 'जुनं दिसतं, नवं दिसत नाही' या तक्रारीत हे आधी विचारा. हवं असतं ते 'सबस्क्राइब', म्हणजे लिंक जोडून ठेवणं.

दुसरा: सबस्क्राइब केलेलं कॅलेंडरही ताबडतोब बदलत नाही. ते ॲप ठराविक काळाने लिंकवर डोकावून येतं, आणि किती काळाने ते तुमच्या हातात नसतं. गूगल कॅलेंडरमध्ये बदल दिसायला १२ तासांपर्यंत लागू शकतात. दुपारची मीटिंग सकाळी बदलणार असाल तर हा रस्ता उपयोगाचा नाही, इथे दुरुस्त करण्यासारखं काही नाही. शिवाय अशा कॅलेंडरमध्ये समोरच्याला बदलही करता येत नाहीत.

'सीक्रेट ॲड्रेस' नावाची लिंक गुप्त म्हणायची एवढंच. ती ज्याच्या हाती पडेल त्याला सगळं दिसतं, खातं असो वा नसो. चुकून मोठ्या ग्रुपवर गेली असेल तर सेटिंगमध्ये 'रीसेट' करा, जुनी लिंक मरते.

आता फोन

ब्राउझरमध्ये दिसतंय आणि फोनवर नाही, त्यांनी इथे यायचं.

अँड्रॉइडवर दोन कळा असतात आणि दोन्ही चालू हव्यात. एक फोनच्या सेटिंगमध्ये: खाती, तुमचं खातं, त्यात कॅलेंडरचं सिंक. दुसरी कॅलेंडर ॲपच्या सेटिंगमध्ये: त्या विशिष्ट कॅलेंडरच्या नावावर टॅप केल्यावर दिसणारी 'सिंक'. मुख्य कॅलेंडर दिसतं आणि शेअर केलेलं दिसत नाही, तर दुसरी बंद असते. बॅटरी सेव्हर आणि डेटा सेव्हर मागच्या मागे चालणारं सिंक रोखतात, तेही उघडून बघा. फोनची जागा ठार भरली असेल तरी सिंक अडतं.

आयफोनवरच्या ॲपलच्या कॅलेंडरमध्ये गूगलचं खातं जोडलेलं असेल, तर शेअर केलेली कॅलेंडरं आपसूक येत नाहीत. त्यासाठी गूगलचं एक वेगळं पान आहे, ते सहज सापडत नाही. ब्राउझरमध्ये इंग्रजी अक्षरांत टाइप करा: कॅलेंडर डॉट गूगल डॉट कॉम स्लॅश कॅलेंडर स्लॅश सिंकसिलेक्ट. तिथे हव्या त्या कॅलेंडरवर टिक करून 'सेव्ह' करा. हे पान माहीत नसल्यामुळे लोकांनी फोन रीसेट केलेले आहेत.

आयफोनवर उशीर होत असेल तर 'फेच न्यू डेटा'चं सेटिंग बघा. ते 'ऑटोमॅटिकली'वर असेल, तर फोन चार्जिंगला आणि वायफायवर असतानाच मागच्या मागे नवा डेटा आणतो. 'रात्री दिसतं, दिवसा दिसत नाही' याचं गूढ इतकंच. मागच्या वर्षीच्या नोंदी दिसत नसतील तर कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये 'सिंक'खाली 'ऑल इव्हेंट्स' निवडा.

हे सगळं करूनही अडलं, तर शेवटचा घरगुती उपाय म्हणजे फोनवरून खातं काढून पुन्हा जोडणं, किंवा अँड्रॉइडवर 'कॅलेंडर स्टोरेज'चा डेटा पुसणं. त्याआधी ब्राउझरमध्ये खात्री करा, की फोनवर असलेली प्रत्येक महत्त्वाची नोंद सर्व्हरवर आहे. नसलेली नोंद पुसली गेली, की गेली. बाबांच्या निळ्या नोंदी आठवा.

वेळ चुकते

सगळ्याच नोंदी सारख्याच फरकाने पुढे-मागे असतील तर टाइम झोन. त्यातही एक प्रकार हमखास फसवतो: फोनचा झोन चुकीचा असतो आणि मालकाने घड्याळाचे काटे हाताने ओढून बरोबर केलेले असतात. घड्याळ बरोबर दिसतं म्हणून कोणाला संशय येत नाही, पण नोंदी झोनप्रमाणे मांडल्या जातात. तारीख-वेळ 'ऑटोमॅटिक' करा. फरक नेमका एक तासाचा आणि वर्षातल्या काही महिन्यांपुरताच असेल, तर दोघांपैकी एकाच्या देशात उन्हाळ्यात घड्याळं सरकतात. नोंदीतच योग्य झोन निवडा.

वाढदिवस दोन दिवसांवर पसरलाय? 'ऑल डे' न निवडता मध्यरात्र ते मध्यरात्र अशी वेळ टाकली असणार. कॅलेंडरांची देवाणघेवाण ज्या आयकॅलेंडर मानकाने होते (आरएफसी ५५४५, २००९), त्यात दिवसभराच्या नोंदीला नुसती तारीख असते, तास नसतो, म्हणून ती झोन बदलला तरी हलत नाही. तास टाकलेली नोंद हलते.

घंटीचं थोडक्यात: शेअर केलेल्या कॅलेंडरची नोटिफिकेशनं ज्याची त्याने आपल्या सेटिंगमध्ये लावायची असतात. तुमची तुम्हालाच वाजते.

इथे थांबा

खातं ऑफिसचं किंवा शाळा-कॉलेजचं असेल आणि परवानगीच्या वरच्या पायऱ्या फिकट दिसत असतील, निवडताच येत नसतील, तर बाहेरच्यांशी शेअर करण्यावर संस्थेच्या ॲडमिनने मर्यादा घातली आहे. तुमच्या बाजूने ती उठत नाही. गुप्त लिंक काढून पळवाट शोधू नका, आयटीवाल्यांना विचारा. त्यांनी बदल केला तरी लागू व्हायला २४ तासांपर्यंत जाऊ शकतात. ऑफिसने दिलेल्या फोनवर सिंकची कळच हलत नसेल, तर तेही त्यांचंच काम.

शेअरच्या यादीत अनोळखी पत्ता दिसला, किंवा तुम्ही न टाकलेल्या नोंदी येऊ लागल्या आणि असलेल्या गठ्ठ्याने उडू लागल्या, तर हा सिंकचा दोष समजू नका. आधी पासवर्ड बदला, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा, अनोळखी उपकरणं साइन आउट करा. खातं ऑफिसचं असेल तर त्याच मिनिटाला ॲडमिनला कळवा.

कॅलेंडर ज्या खात्यावर होतं तेच बंद झालं असेल, तर दुसऱ्यांच्या फोनवर कितीही खटपट केली तरी काही हाती लागणार नाही. २ वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल काढून टाकू शकतं, त्यामुळे कोणीतरी कधीकाळी काढलेल्या खात्यावर घरचं कॅलेंडर चालू असेल, तर त्या खात्यात अधूनमधून साइन इन करत चला. बंद झालेलं खातं परत मिळवायचा प्रयत्न फक्त त्याच्या मालकाने, कंपनीच्या अधिकृत मदत पानावरूनच करावा. पासवर्ड मागून 'काढून देतो' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

मदत मागायला जाताना एवढं लिहून न्या: कोणत्या पत्त्यावरून कोणत्या पत्त्याला शेअर केलं, परवानगीची पायरी कोणती, न दिसणाऱ्या एका नोंदीचं नाव आणि तारीख, आणि दोघांच्या ब्राउझरचा एकेक स्क्रीनशॉट, ज्यात वरच्या कोपऱ्यातला पत्ता वाचता येतोय.